मळ वाचणाऱ्या डिंककाकू

नोकरीला लागल्यावर पाचव्या दिवशी मी वाचनालयातली एकशे बारा पुस्तकं रद्दीत घातली. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या अकलेनं, स्वतःच्या हातांनी, आणि वर शीळ घालत. पाच पोती भरली, सुतळीनं त्यांची तोंडं बांधली, रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढवताना "जरा सांभाळून हं" असंही म्हणालो. ते पुस्तकांसाठी नव्हतं. माझ्या अंगात नवा शर्ट होता.

माझी बाजू मांडायची तर ती अशी. वाचनालयाच्या मागच्या बाजूला मुलांचं दालन आहे. 'मुलांना इंग्रजी शिकवणे व त्यांच्यासाठी योग्य पुस्तकांची निवड करणे' असं माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मी आईला, शेजाऱ्यांना, आणि दाढी करताना न्हाव्यालाही वाचून दाखवलं होतं. योग्य पुस्तक म्हणजे काय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी शिकलो ती शाळा लहान गावातली. तिथं इंग्रजी पुस्तकं काचेच्या कपाटात असायची. कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, आणि मुख्याध्यापक कायम कुठल्यातरी मीटिंगला. आम्ही पाण्याच्या रांगेत उभे राहून काचेतून नुसती नावं वाचायचो. दहा वर्षांत त्या पुस्तकांवर एक डाग पडला नाही. चांगलं पुस्तक म्हणजे स्वच्छ पुस्तक, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलेलं.

आणि इथं बघतो तर काय! पाठीला कापडी पट्ट्या मारलेल्या, कोपरे कुरतडलेले, पानं हात न धुता जेवल्यासारखी. एका पुस्तकावर चक्क दातांचे ठसे. एकाला कव्हरच नाही, त्यामुळे नाव नाही, आणि शेवटी कोऱ्या कागदावर कुणी कुणी पेन्सिलीनं गिरगटून ठेवलेलं. माझ्या इंग्रजीचा कुणी भर चौकात अपमान केल्यासारखं वाटलं. नव्या पुस्तकांसाठी अनुदान मंजूर होतं. ग्रंथपाल, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, पंधरा दिवस रजेवर होत्या. अडवणारं कुणी नव्हतं. मी यादी उघडली, 'वय सहा ते आठ', 'वय आठ ते दहा' असं बघत गेलो आणि चपला मागवाव्यात तशी मापानं शंभर पुस्तकं मागवून टाकली.

ते झालं शनिवारी. सोमवारी सकाळी दालनात शिरलो, तर खिडकीजवळच्या टेबलाशी एक बाई उभ्या. पन्नाशीच्या, बुटक्या, पदर कमरेला खोचलेला, हातात झाकणाचा स्टीलचा डबा. रिकाम्या फळ्यांकडे बघत होत्या.

"माझी पुस्तकं कुठायत?"

"कुठली हो?"

"ह्या फळ्यांवर होती ती."

"ती होय! काढली मी. फार म्हणजे फारच फाटली होती. आता नवी येतायत, एकदम चकचकीत."

"फाटलेली होती म्हणून काढलीस."

"हो ना."

"मी इथली बाइंडर आहे," त्या म्हणाल्या.

दवाखान्यातले सगळे आजारी हाकलून द्यावेत आणि डॉक्टर आल्यावर 'बघा, कसं स्वच्छ केलं' म्हणून दाखवावं, तशी माझी गत झाली. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत पांढरी, वाफाळती खळ होती.

"सकाळी उठून शिजवलीय. आता ही काय तुझ्या तोंडाला फासू?"

ही आमची पहिली भेट.

मुलं त्यांना डिंककाकू म्हणतात. खरं तर डिंक त्या फारसा वापरत नाहीत. मैद्याची खळ वापरतात, आणि ती रोज सकाळी घरच्या शेगडीवर शिजते, एका बाजूला दूध, दुसऱ्या बाजूला खळ. बाकीचे बाइंडर खळीत मोरचूद घालतात, किडे लागू नयेत म्हणून. मग ती खळ आठवडाभर टिकते. काकू घालत नाहीत. "पोरं पान उलटताना बोट चाटतात. मोरचूद पोटात जायचं," म्हणतात. म्हणून रोज ताजी. त्यांचे यजमान शाळेची बस चालवतात, पहाटे घाईत निघतात. एकदा त्यांनी वाटीभर खळ खीर समजून साखर घालून खाल्ली आणि जाताना "आज जरा फिकी झालीय" एवढंच म्हणाले. काकूंनी संध्याकाळपर्यंत त्यांना सांगितलं नाही. "दिवसभर तोंड कसं बंद राहिलं त्यांचं! मला वाटलं, चिकटलं."

सासऱ्यांचा बाइंडिंगचा कारखाना होता. लग्न होऊन आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या. कचेऱ्यांच्या मोठमोठ्या वह्या बांधायचं काम. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी सुई-दोरा हातात दिला, तेव्हा काकूंना वाटलं शर्टाचं बटण लावायचंय. पुढं वीस वर्षं त्यांनी त्या वह्या शिवल्या. मग कचेऱ्यांतून कॉम्प्युटर आले, वह्या गेल्या, कारखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. सासऱ्यांची कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी, एक लोखंडी दाब आणि एक टोचा एवढं घेऊन काकू वाचनालयात आल्या. आठवड्यातून तीन दिवस; मी रुजू झालो त्या आठवड्यात तेवढ्या गावाला गेल्या होत्या. पगार नाही. जेवढी पुस्तकं दुरुस्त होतील, तेवढं मानधन. त्यालाही अकरा वर्षं झाली. ज्या खिडकीजवळच्या टेबलाशी त्या उभ्या होत्या, ते त्यांचं टेबल.

आणि मी त्यांचं काम पाच पोत्यांत भरून पाठवलेलं.

त्या दिवशी हे एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण दुपारी वाचनालयाचे अध्यक्ष आले. अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघतात, त्यामुळे त्यांच्यासमोर हसायची सोय नाही. नव्या पुस्तकांची खोकी गावातल्या विक्रेत्यानं सकाळीच आणून टाकली होती. मी पुस्तकं फळ्यांवर रंगांप्रमाणे लावली होती. डॉक्टर खूश.

"वा! पांढरीशुभ्र! असं पाहिजे. मग आता बाइंडिंगचं टेबल कशाला? जागा अडते नुसती. तिथं आपण मत्स्यालय करू. माझ्या दवाखान्यात आहे ना, मुलं अगदी गप्प बसतात."

"डॉक्टर, पण..." मी म्हणालो.

"पण काय? महिन्याच्या शेवटच्या शनिवारी समितीची बैठक आहे. विषय घेऊन टाकतो. शाब्बास, सर!"

काकू टेबलाशीच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. खळीच्या डब्याचं झाकण लावलं आणि मला म्हणाल्या, "शाब्बास, सर."

त्या दोन 'शाब्बास'मधला फरक कळायला इंग्रजीची पदवी लागत नाही.

चार वाजता मुलं आली. सतरा होती. नव्या फळ्यांसमोर उभी राहिली, पुस्तकं काढून बघितली, जागेवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. एका नऊ वर्षांच्या मुलीला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणतात. ती एक पुस्तक शेवटपर्यंत चाळून माझ्याकडे आली.

"सर, ह्यात कुणी पडत कसं नाही?"

"म्हणजे?"

"ह्यातलं कासव दात घासतं. मग खेळणी वाटून घेतं. मग आईला थँक्यू म्हणतं. मग संपलं."

"चांगलं आहे की."

"सगळेच शहाणे असले तर गोष्ट कशी होणार, सर?"

मी विषय बदलला आणि फळ्यावर क्रियापदांचा तक्ता काढला. आय गो, यू गो, ही गोज. सतरा तोंडांनी माझ्यामागून म्हटलं आणि सतरा जोडी डोळे खिडकीबाहेर गेले. मग एकेक चौकशी सुरू झाली. "सर, कोपरा खाल्लेलं कुठंय?" "चहा सांडलेलं?" "सर, बदकाचं?" त्यांना एकाही पुस्तकाचं नाव माहीत नव्हतं. माणसाला ओळखावं तसं, कुठं लागलंय त्यावरून मुलं पुस्तक ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी काकूंची पाळी नव्हती, तरी त्या आल्या. मला म्हणाल्या, "चल."

"कुठं?"

"रद्दीवाल्याकडे. तो मंगळवारी दुपारी कव्हरं फाडायला बसतो. त्याच्या आत पोचायचंय."

कागदाच्या गिरणीला पुठ्ठा चालत नाही म्हणे. म्हणून रद्दीवाला पुस्तकांची कव्हरं आधी फाडून वेगळी करतो आणि मग माल ट्रकमध्ये भरतो. मी पदवीधर, मला हे माहीत नव्हतं. काकू सातवी, त्यांना रद्दीवाल्याचं वेळापत्रक पाठ होतं.

रद्दीवाला वजनकाट्याशेजारी पाट टाकून बसलाच होता. पाच पोत्यांतलं एक उघडलेलं.

"अरे, थांब! हात आवर!" काकू दारातूनच ओरडल्या.

"काय झालं, काकू?"

"ही पोती परत हवीत."

"परत? आता तो माझा माल झाला. चौतीस किलो आहे. चौतीस किलो दुसरा कागद आणून द्या, आणि न्या. वजनाला वजन. माझी काही तक्रार नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग मी खोलीवर गेलो. माझ्या खाटेखाली इंग्रजीच्या पदवीची पाच वर्षं बांधून ठेवलेली होती. नोट्स, मार्गदर्शकं, अपेक्षित प्रश्नसंच, व्याकरणाच्या सात जाड वह्या. दोन खेपा केल्या. काट्यावर पारडं बरोबरीला आलं तेव्हा रद्दीवाला खुशीत म्हणाला, "सर, शिकलात खूप हो! वजनदार आहे!"

"आता डोकं जरा हलकं झालं असेल," काकू म्हणाल्या.

पोती तिथंच ओतून आम्ही मोजदाद करायला बसलो, आणि तिथं, जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगावर, मला पुस्तक निवडण्याचा पहिला धडा मिळाला. काकूंनी एक पुस्तक उचललं. उघडलं नाही. मिटलेलंच आडवं धरून, पानांच्या कडा माझ्यापुढं केल्या.

"काय दिसतं?"

"मळ."

"कुठं?"

"सुरुवातीला. पुढं पांढरं आहे."

"म्हणजे पोरं आठव्या पानापर्यंत जातात आणि सोडून देतात. पुढं जड असणार. हे बघ दुसरं. मधेच एक काळी रेघ, बाकी कोरं. तिथं एखादं चित्र असेल, मगर-बिगर. पोरं तेवढं बघून ठेवून देतात. आणि हे." त्यांनी तिसरं पुस्तक पुढं केलं. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं करडं होतं आणि शेवटची पानं जास्तच काळी. "हे पूर्ण वाचतात. आणि शेवट आवडला म्हणून शेवट परत वाचतात. असलं आणावं."

"आणि हे?" मी एक उचललं. दर दोन पानांनी कोपरा दुमडलेला होता.

"हे कुणीतरी आईबरोबर वाचलंय. रोज दोन पानं. आई दमते, कोपरा दुमडते, दिवा घालवते."

"काकू, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"छे रे. अक्षरं ओळखते. मी इंग्रजी वाचत नाही, मळ वाचते."

मोजणी संपली. एकशे अकरा भरली. पुन्हा मोजली. एकशे अकराच.

"बदक नाही," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"कुठलं बदक?" रद्दीवाल्यानं विचारलं.

"ते, ज्याला कव्हर नव्हतं."

"मग ते गेलं. कव्हर नाही म्हटल्यावर फाडायचं काय? सरळ शनिवारच्या ट्रकमध्ये टाकलं."

बदकाची हकीगत काकूंनी परतताना हातगाडीमागून चालता चालता सांगितली. एक बदक टपाल वाटतं. एवढं चित्रांवरून कळायचं. ते पुस्तक त्यांच्या हाताखालून आठ वेळा गेलं होतं. कव्हर कधीच हरवलेलं, आणि शेवटचं पान नव्हतं. काकूंनी तिथं एक कोरा कागद चिकटवला, फक्त पाठ मजबूत राहावी म्हणून. पण कोरा कागद आणि पेन्सिल घेतलेली पोरं एकत्र आली की काय होणार! कुणीतरी त्यावर शेवट लिहिला. दुसऱ्याला तो पटला नाही, त्यानं खाली आपला लिहिला. कागद भरला की काकू आणखी एक चिकटवायच्या. अकरा वर्षांत सात कागद झाले होते. सगळं इंग्रजीत, कारण पुस्तक इंग्रजी होतं आणि पोरांना वाटायचं, बदकाला दुसरं कळणार नाही.

म्हणजे मी ज्याला गिरगटणं म्हणालो, ते हे.

"पोरांनी मला निरनिराळी गोष्ट सांगितली दर वेळी," काकू म्हणाल्या. "कुणी म्हणे पत्र पोचलं, कुणी म्हणे बदकानं ते खाल्लं. खरं काय होतं रे त्यात? तू तर वाचलं असशील ना, टाकण्याआधी?"

मी गाडी ढकलत राहिलो. चढ नव्हता, तरी धाप लागली.

"शोधून आणतो, काकू. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतो."

"बघू," त्या म्हणाल्या. बायका 'बघू' कधी म्हणतात ते मला ठाऊक आहे. माझी आई पण म्हणते.

दाखल वहीत शोधलं, तर तिथं 'देणगी, इंग्रजी बालपुस्तके, किरकोळ, नग वीस' एवढीच नोंद. नाव नाही, लेखक नाही. आता दुकानात जाऊन मागणार काय? बदक द्या?

एकशे अकरा पुस्तकं फळीवर परत आली. मी त्यांच्यासाठी खालच्या तीन फळ्या मोकळ्या केल्या आणि शहाण्या कासवाला वर बसवलं. चार वाजता मुलं आत शिरली आणि दालनात जो गोंधळ झाला, त्यात मत्स्यालयानंही काही फरक पडला नसता. दातांचे ठसे असलेल्या पुस्तकासाठी दोघांची झोंबाझोंबी झाली. मी तक्ता पुसून टाकला.

तासाला मात्र मी सुधारलो नव्हतो. पहिलं वाक्य वाचायचं, मग त्यातल्या प्रत्येक शब्दावर प्रवचन. दोन दिवस काकूंनी टेबलाशी शिवता शिवता ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर म्हणाल्या, "आज तासाभरात पान तीनदा उलटलं."

"तुम्ही मोजलं?"

"आवाज येतो ना कानाला. तीनदा पान, बाकी सगळा तू. अरे, त्यांना जरा पुढं जाऊ दे. पुढं काय होतं ते कळायला पाहिजे, तर शब्द विचारतील ना?"

मग मी गप्प बसायला शिकलो. फार अवघड विद्या आहे. नुसतं वाचायचं आणि पान उलटायच्या आधी थांबायचं. मुलं ओरडायची, "सर, पुढं!" आणि मी म्हणायचो, "इंग्रजीत सांगा, काय होईल?" मग कुणी 'फॉल' म्हणायचं, कुणी 'ही विल फॉल', आणि प्रश्नपत्रिका म्हणायची, "ही विल फॉल, बट सॉफ्ट!" ज्या मुलांच्या तोंडून आय गो, यू गो ओढून काढावं लागत होतं, ती पात्रांचा जीव वाचवण्यासाठी इंग्रजीत भांडू लागली. काकूंनी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एकेक कोरा कागद चिकटवायला घेतला. छापलेला शेवट असला तरी. पटला नाही तर आपला लिहा.

त्यात शेवटचा शनिवार आला.

डॉक्टर तासभर आधीच आले, हातात मोजपट्टी. मागून मोठ्या बाई, रजा संपवून आलेल्या, चेहऱ्यावर 'मी नव्हते तेवढ्यात काय काय करून ठेवलंत' असा भाव. टेबल वाचवण्यासाठी मी रात्रभर बसून तयार केलेलं निवेदन खिशातून काढलं. चार पानं होती.

"सर, ते नंतर," डॉक्टर म्हणाले. "आधी माप घेऊ. टाकी पाच फुटांची बसेल का?"

"मी धरते हे टोक," काकू म्हणाल्या. आणि खरंच, आपल्याच टेबलाला लावलेल्या मोजपट्टीचं एक टोक त्यांनी धरलं. मला बघवेना.

"पाच फूट दोन इंच. छान!" डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, एक विचारू? दात बघून तुम्हाला कळतं ना, माणूस कुठल्या बाजूनं चावतो ते?"

"कळतं की! तुम्ही डावीकडून चावता. उजवीकडची दाढ दुखते, अंगावर काढताय."

काकू क्षणभर गडबडल्या, हात गालाकडे गेला. मग म्हणाल्या, "ते बघू पुढं. मला पण कळतं. पोरांचं. ह्या पुस्तकांवरून."

"कसं काय?"

"हे तुमचं नवं." त्यांनी कासव खाली काढलं, कडा त्यांच्यापुढं धरल्या. "तीन आठवडे झाले फळीवर. कसं दिसतं?"

"पांढरं."

"कवळीसारखं ना? शोभेची. ह्यानं कुणी काही खाल्लेलं नाही. आणि आता कुठलंही एक जुनं काढा. नाव झाका. मला दाखवू नका."

डॉक्टरांनी एक काढलं, आपला रुमाल त्यावर टाकला आणि परीक्षकासारखे उभे राहिले. काकूंनी पानांच्या कडांवरून बोट फिरवलं.

"सात-आठ वर्षांची पोरं वाचतात. बोटं बारीक आहेत. पूर्ण वाचतात. मधे एका जागी भीती आहे, तिथं पान घट्ट धरलंय, बघा, चुरगळलंय. त्यानंतर लगेच हसू येत असेल, कारण पुढची पानं भराभर उलटलीत, कडेला फाटलीत."

डॉक्टरांनी रुमाल काढला, ते पान उघडलं. पानभर तोंड वासलेली मगर. पान उलटलं, तर मगर शिंकत होती. डॉक्टरांनी मगरीचे दात मोजले, मग जोरात हसले. मी पहिल्यांदाच त्यांचे स्वतःचे दात बघितले. फारसे सरळ नव्हते.

"दुसरं द्या," ते म्हणाले. "तिसरं द्या!" मग खिशातून ती तोंडात घालायची छोटी आरशाची काडी काढून ते पुस्तकांच्या कडा तपासू लागले. "बघा, इथं वापर आहे! इथं झीज! मोठ्या बाई, इकडे या, हे बघितलंत का?" बैठकीची वेळ झाली, समितीची बाकी मंडळी येऊन दारात उभी, आणि अध्यक्ष जमिनीवर मांडी घालून बसलेले. टेबलाचा विषय बैठकीत आला तो फक्त एवढाच, की ते हलतं, तेव्हा पायाखाली पाचर घालून द्यावी. मत्स्यालय दवाखान्यातच राहिलं.

माझं चार पानी निवेदन न वाचताच परत खिशात गेलं. नंतर काकूंनी त्याच्या कोऱ्या बाजू वापरल्या, चिकटवायला.

प्रश्न मोठ्या बाईंनी काढला. "जुन्याचं ठीक आहे. पण नवं पुस्तक घेताना त्याला मळ कुठून आणणार?"

त्यावर काकूंनी जी पद्धत काढली, ती आमच्याकडे आजही चालते. पुस्तकविक्रेत्याकडून पन्नास पुस्तकं, प्रत्येकी एक, पसंतीसाठी मागवायची. पंधरा दिवस मुलांच्या दालनात ठेवायची. कुणाला काही सांगायचं नाही, 'हे वाच' म्हणायचं नाही. पंधराव्या दिवशी काकू टेबलाशी बसतात, चष्मा पुसतात आणि एकेक पुस्तक कडेवरून बघतात. मळलेली डावीकडे, कोरी उजवीकडे. मळलेली आम्ही विकत घेतो, कोरी परत. विक्रेता आधी बिचकला होता, माल घाण होऊन परत येईल म्हणून. त्याला समजावायला मला अर्धा तास लागला, की घाण झालेला माल परत येतच नाही. आता तो सगळीकडे सांगत फिरतो, एवढं सज्जन गिऱ्हाईक बघितलं नाही.

निवडीच्या यादीखाली तीन सह्या लागतात. मोठ्या बाईंची, माझी आणि काकूंची. पहिल्या यादीवर काकूंनी सही करायला दहा मिनिटं घेतली. इंग्रजीत केली. प्रश्नपत्रिकेनं आठवडाभर टेबलाखाली बसून त्यांना शिकवली होती, आणि मला पत्ता नव्हता.

"कशी आहे?" काकूंनी विचारलं.

"चांगली आहे. फक्त अक्षर जरा..."

"सर," प्रश्नपत्रिका म्हणाली, "पान उलटा."

सगळं असं गोड झालं. एक सोडून. बदकाची जागा काकूंनी खालच्या फळीवर रिकामी ठेवली आहे, दोन बोटं रुंद. तिथं एक पुठ्ठा उभा आहे, त्यावर मुलांनी काढलेलं बदक, गळ्यात टपालाची थैली. आणि देवघेवीच्या वहीत मोठ्या बाईंनी ते पुस्तक माझ्या नावावर चढवलंय. पुस्तकाचं नाव: बदक. नेल्याची तारीख: तो शनिवार. परत आल्याची तारीख: रिकामी.

मी शोधतो. जिथं जाईन तिथं जुन्या पुस्तकांच्या दुकानात वाकून बघतो. आतापर्यंत चार बदकं आणली. पहिलं काकूंनी उघडलंच नाही, नुसती कड बघितली. "हे कुणी वाचलेलंच नाही रे." दुसरं निघालं हंसाचं. तिसऱ्यात टपाल होतं, बदक नव्हतं. गेल्या आठवड्यात चौथं आणलं. बदक होतं, थैली होती, कडा छान करड्या होत्या. माझं मन उड्या मारत होतं. मुलं भोवती जमली, काकूंनी सुई खाली ठेवली, दुखरी दाढ काढून घेतल्यापासून उजवीकडूनही चावता येतं, म्हणून त्या बाजूला एक चणा टाकला आणि म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. न थांबता, न समजावता, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. बदकानं सगळी पत्रं वेळेवर पोचवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि घरी जाऊन झोपलं.



"ते हे नव्हे," प्रश्नपत्रिका म्हणाली. "हे शहाणं आहे."

काकूंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून बघितलं, आणि शेवटी एक कोरा कागद चिकटवायला घेतला. प्रश्नपत्रिका पेन्सिलीला टोक करायला लागली. वहीतली माझी ओळ मात्र कुणी खोडली नाही.